वाचकांचे प्रश्न : घरातले प्रवाळ, चुन्याची निवळी आणि कायदा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांविषयी या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. चारही पत्रांचा विषय कठीण प्रवाळ, म्हणजे चुनखडीचा सांगाडा बांधणारे प्रवाळ, हा आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. इतर अनेक पत्रांतील तक्रारींचे मूळही तेच असल्यामुळे ते तोडावेसे वाटले नाही.

प्रश्न : आमच्या घरी टाकी आणि तिच्याखालचा संप, म्हणजे गाळणीची टाकी, मिळून प्रत्यक्ष २०० लिटर पाणी आहे. दीड वर्षापासून मऊ प्रवाळ उत्तम वाढत आहेत. चार महिन्यांपूर्वी आम्ही ॲक्रोपोरा आणि माँटिपोरा या कठीण प्रवाळांचे सात तुकडे आणले. दोन महिने वाढ स्पष्ट दिसली. नंतर फांद्यांची टोके पांढरी पडली आणि दोन तुकड्यांवरील जिवंत थर बुडापासून सोलत वर जाऊ लागला. कॅल्शियम ४३० पीपीएम (दशलक्ष भागांत), मॅग्नेशियम १३५०, क्षारता ६.४ ते ९.८ डीकेएच, नायट्रेट शून्य. आम्ही दर रविवारी पाणी बदलतो आणि क्षारता वाढवणारे बफर घालतो. सगळे आकडे ठीक आहेत असे दुकानदार म्हणतात. मग चुकते कोठे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या पत्रातील बाकीचे सगळे आकडे एकेरी आहेत, केवळ क्षारतेचा आकडा ‘६.४ ते ९.८’ असा पसरलेला आहे. दुखणे तेथेच आहे.

कठीण प्रवाळाचा सांगाडा हा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे आपल्या भाषेत चुनखडीचाच एक प्रकार. तो बांधण्यासाठी पॉलिप, म्हणजे प्रवाळातला इवला जीव, पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट या दोन्ही गोष्टी ठरावीक प्रमाणात उचलतो. क्षारता म्हणजे ढोबळमानाने या कार्बोनेटचाच साठा, आणि डीकेएच हे तिचे माप. क्षारता १ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने उतरलेले असते. आता हिशेब मांडून पाहावा. तुमची क्षारता आठवड्यात ३.४ डीकेएचने, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक घसरते, पण त्याच काळात कॅल्शियम जेमतेम २४ पीपीएमने कमी होते. घरगुती चाचणी संचात १०-१५ पीपीएमचा फरक थेंब मोजण्यातच पडतो, त्यामुळे ही घट तुम्हाला दिसणारही नाही. कॅल्शियमचा साठा रांजणाएवढा आहे आणि क्षारतेचा साठा तांब्याएवढा. रांजणाकडे पाहून सगळे ठीक आहे असे म्हणत असताना तांब्या रिकामा होत असतो. म्हणूनच कठीण प्रवाळ पाळणाऱ्याने रोज एकच गोष्ट मोजायची झाल्यास क्षारता मोजावी. ती प्रवाळांची नाडी आहे.

पहिले दोन महिने सर्व ठीक होते, याचे कारणही यातच आहे. लहान तुकडे थोडेच खातात आणि तेवढे पाणी बदलूनही भागते. तुकडे रुजले, खडकावर गुलाबी-जांभळे चुनायुक्त शैवाल पसरले, की मागणी वाढते. ती तुम्ही रविवारी एकाच हप्त्यात पुरवता. ६.४ वरून ९.८ वर जाणे म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या भाषेत २०० लिटर पाण्यात एका सकाळी वीस ग्रॅम सोडा ओतणे. दिवसाला १ डीकेएचपेक्षा मोठी उडी ॲक्रोपोराला सोसत नाही, असा या छंदातील जुन्या मंडळींचा अनुभव आहे. त्यात नायट्रेट शून्य. पाण्यात पोषण नसताना क्षारता ९ च्या वर नेली की टोके भाजल्यासारखी पांढरी पडतात, हाही अनेकांनी किंमत मोजून शिकलेला धडा आहे.

आता उपाय. पुढचे चार-पाच दिवस काहीही घालू नये, मात्र क्षारता ७ च्या खाली गेली तर हा प्रयोग तेथेच थांबवावा. रोज एकाच वेळी, शक्यतो दिवे लागण्यापूर्वी, क्षारता मोजून वहीत लिहावी. तुमच्या आकड्यांवरून ती रोज साधारण अर्ध्या डीकेएचने उतरेल असे दिसते. तसेच निघाले, तर रोजचा खर्च तेवढाच आहे आणि रोज तेवढेच भरायचे आहे. २०० लिटर पाण्याची क्षारता १ डीकेएचने वाढवण्यास सुमारे ६ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे तुम्हाला रोज ३ ग्रॅम. त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट रोज अडीच ग्रॅमच्या आसपास. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत विरघळवून वेगवेगळ्या वेळी घालावेत, कारण एकत्र आले तर बाटलीतच चुनखडी तयार होऊन खाली बसते. बेकिंग पावडर हा खाण्याचा सोडा नव्हे. त्यात आम्ल आणि पिठूळ पदार्थ मिसळलेले असतात. ही सूचना अनावश्यक वाटेल, परंतु मागील वर्षी एका वाचकाने तीन आठवडे केकची पावडर टाकीत घातल्याचे कळवले होते.

तुमच्या आकाराच्या टाकीसाठी मला स्वतःला मात्र याहून जुनी रीत अधिक पसंत आहे, ती म्हणजे चुन्याची निवळी. आपल्या आजीच्या घरगुती औषधांत जी निवळी असे, तीच. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरमागे दीड ग्रॅम या प्रमाणात आरओ पाण्यात ढवळावे, झाकून ठेवावे आणि गाळ खाली बसल्यावर वरचे नितळ पाणी वापरावे. या निवळीत कॅल्शियम आणि क्षारता प्रवाळाला हव्या त्याच प्रमाणात असतात, त्यामुळे दोन बाटल्यांचा तोल सांभाळावा लागत नाही. सुमारे ९०० मिलिलिटर निवळी तुमची अर्ध्या डीकेएचची रोजची गरज भागवते. बाष्पीभवनाने टाकीतून रोज याहून अधिक पाणी उडत असणार. उडते ते केवळ गोडे पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भरण्याच्या गोड्या पाण्यातूनच निवळी देता येते. मात्र ती थेंबाथेंबानेच, शक्यतो रात्री द्यावी. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो आणि रात्री प्रकाशसंश्लेषण थांबल्यामुळे टाकीचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांना सावरतात. भांडे उघडे ठेवल्यास हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे वर पापुद्रा धरतो आणि निवळीचा कस जातो. पानाच्या डबीतला चुना यासाठी चालत नाही. त्यात आणखी काय मिसळले आहे हे डबीवर लिहिलेले नसते. निवळी डोळ्यांत उडू देऊ नये.

क्षारता ७.५ धरा किंवा ८.५, त्याने विशेष फरक पडत नाही. समुद्रात ती ७ च्या आसपास असते. जो आकडा धराल तो मंगळवारी आणि शनिवारी सारखाच निघाला पाहिजे. नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान येऊ द्यावे. त्यासाठी माशांना थोडे अधिक खाऊ घालणे आणि स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र, रात्री बंद ठेवणे पुरते. शून्य नायट्रेट ही स्वच्छता नसून उपासमार आहे. ज्या तुकड्यांचा थर सोलत आहे ते औषधाने सहसा वाचत नाहीत. पांढऱ्या रेषेच्या वर एक सेंटिमीटर जिवंत भाग सोडून फांदी कापावी आणि घट्ट, जेलसारख्या सुपरग्लूने नव्या बैठकीवर चिकटवावी. क्षारतेची वही सहा आठवडे सपाट दिसेपर्यंत नवीन प्रवाळ आणू नयेत. आणाल तेव्हा टाकीत सोडण्यापूर्वी ते कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवून काढावेत आणि काही आठवडे वेगळे ठेवावेत, कारण ॲक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमींची अंडी द्रावणाने मरत नाहीत.

प्रश्न : माझ्याकडील टॉर्च कोरल तीन आठवड्यांपासून पूर्ण उघडत नाही. तो सर्वांत वरच्या खडकावर, दिव्याच्या अगदी खाली आहे आणि शेजारी गॅलॅक्सिया या कठीण प्रवाळाची एक वसाहत आहे. पाण्याचे सर्व आकडे स्थिर आहेत. आणखी एक कुतूहल आहे. घरच्या टाकीत प्रवाळांचे प्रजनन होऊ शकते का?
— एक वाचक, लंडन

उत्तर : टॉर्च कोरलची जागा आणि शेजार, दोन्ही चुकले आहेत. ॲक्रोपोराला लागणारा प्रखर उजेड युफिलिया गटातील या मांसल प्रवाळाला नको असतो. ॲक्रोपोरासाठी पार मीटरवर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड मोजणारे उपकरण) २५० ते ४०० चा उजेड धरतात, टॉर्चला १०० ते १५० पुरतो. तो टाकीच्या मध्यापासून खाली आणावा, तोही एकदम नव्हे, काही दिवसांच्या अंतराने पायरीपायरीने. पाण्याचा झोत सरळ त्याच्या अंगावर येत असेल तर सांगाड्याच्या धारेवर मांस फाटते. त्याचे शुंडक वाऱ्यावर डोलणाऱ्या भाताच्या लोंब्यांसारखे, कधी इकडे तर कधी तिकडे हलले पाहिजेत. ते एकाच दिशेला आडवे पडलेले दिसले तर लाटयंत्र फिरवावे.

शेजाराचा प्रश्न याहून गंभीर आहे. गॅलॅक्सिया दिवसा निरुपद्रवी दिसते, पण रात्री ती दंशपेशींनी भरलेले लांब धागे बाहेर सोडून आसपासच्या प्रवाळांना भाजते. दिवे गेल्यावर दोन तासांनी लाल प्रकाशाची बॅटरी लावून पाहावे, म्हणजे हे धागे टॉर्च कोरलपर्यंत पोहोचतात की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. दोघांत किमान २० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि गॅलॅक्सिया झोताच्या वरच्या बाजूस नसावी. टॉर्चवर तपकिरी, बुळबुळीत थर दिसला तर तो नळीने ओढून टाकीबाहेर टाकावा आणि ते डोके कापून वेगळे करावे. हा थर एका डोक्यावरून दुसऱ्यावर फार वेगाने जातो.

प्रजननाचे उत्तर तुमच्याच शहरात आहे. दक्षिण लंडनमधील फॉरेस्ट हिल येथील हॉर्निमन संग्रहालयाच्या मत्स्यालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रोजेक्ट कोरल सुरू केला आणि बंद टाक्यांमध्ये ॲक्रोपोराच्या चार जातींचे अंडविसर्जन ठरवून घडवून आणले. त्याचा तपशील २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मूळ खडकावरील पाण्याचे वर्षभरातील तापमान, दिवसाची लांबी, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि चंद्राच्या कला टाकीवर संगणकाने हुबेहूब उतरवल्या. प्रवाळ अंडी सोडतो तो एक प्रकारे पंचांग पाहून, आणि आपल्या घरच्या टाकीत पंचांगच नसते. बाराही महिने पाणी २५ अंश, दिवे सकाळी दहा ते संध्याकाळी सात, आणि चांदण्याच्या नावाने एक निळा बल्ब. पहिल्या पत्राच्या उत्तरात स्थिरतेचा आग्रह धरला आणि येथे बदलाचे गुणगान केले, यात विसंगती वाटेल. परंतु हॉर्निमनमध्ये बदलत होते ते ऋतू. पाण्याची क्षारता तेथेही ऋतूंप्रमाणे हेलकावे खाऊ दिली जात नाही. तुकडा मोडून नवीन वसाहत वाढणे हेही प्रजननच आहे, आणि ते तुमच्या टाकीत सहज होते.

प्रश्न : आमच्या खडकावर बटणासारखे पॉलिप इतके माजले आहेत की ते कठीण प्रवाळांवर चढत आहेत. खडक बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकण्याचा विचार आहे. ही पद्धत योग्य आहे का?
— एक वाचक, सिडनी

उत्तर : नाही. हे पत्र आम्ही वाचकाला आधीच खाजगीरीत्या उत्तर देऊन मग येथे छापत आहोत. बटणासारख्या दिसणाऱ्या पॅलिथोआ आणि काही झोअँथिड पॉलिपांत पॅलिटॉक्सिन हे ज्ञात विषांपैकी अत्यंत तीव्र विष असते. ते उकळण्याने नाहीसे होत नाही. उलट, वाफेबरोबर त्याचे कण श्वासात जातात आणि घरातील सर्व माणसे, पाळीव प्राण्यांसह, आजारी पडू शकतात. अशा घटना अनेक देशांत घडल्या आहेत. असा खडक उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, तो कोरडा ठेवून ब्रशने घासू नये आणि दाबाच्या फवाऱ्याने धुऊ नये. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून, खडक पाण्याखालीच ठेवून पॉलिप सोलावेत, किंवा त्या भागावर काळा अपारदर्शक कपडा बांधून त्यांचा उजेड काही आठवडे बंद करावा. हातावर जखम असेल तर टाकीत हात घालू नये. काम केल्यानंतर काही तासांत खोकला, ताप, दम लागणे किंवा तोंडाला कडवट चव जाणवल्यास रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हे नाव सांगावे. ते त्यांच्या नित्याच्या पाहण्यातले विष नव्हे.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. गोड्या पाण्यातील मासे पाळण्याचा मला बारा वर्षांचा अनुभव आहे आणि आता कठीण प्रवाळांची टाकी करण्याची इच्छा आहे. एका विक्रेत्याने सांगितले की त्याचे प्रवाळ परदेशातून आलेले, शेतीत वाढवलेले आहेत, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : या पत्राचे उत्तर देताना मला सर्वांत अधिक वाईट वाटते, कारण तुमच्याजवळ अनुभव आणि धीर दोन्ही आहेत. परंतु महाराष्ट्रात, किंबहुना भारतात कोठेही, ही टाकी करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व खडकबांधणी करणाऱ्या कठीण प्रवाळांचा समावेश आहे. त्यांच्यासोबत काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अनुसूची नव्याने लिहिल्या गेल्या तरी कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीतच राहिले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ॲक्रोपोराचा अंगठ्याएवढा तुकडा वाघाच्या शेजारच्या रांगेत बसतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. वाढवलेला, आणलेला, भेट मिळालेला, हे शब्द विक्रेत्याच्या तोंडी सोपे असतात, पण प्रवाळ सापडेल तो तुमच्या दिवाणखान्यात. मृत सांगाडेही यातून सुटत नाहीत, म्हणून सजावटीसाठी पांढरे प्रवाळ घेणेही टाळावे. ‘इंद्रजाल’ म्हणून चौकटीत बसवून विकली जाणारी काळी जाळी हा बहुधा समुद्रपंखा किंवा काळा प्रवाळच असतो, हे येथे सांगून ठेवतो. अंगठीतले पोवळे मात्र निराळ्या गटातले आहे. त्याच्यावरून या प्रवाळांबद्दल अनुमान काढू नये.

खाऱ्या पाण्याची हौस माशांवर भागवता येते. कृत्रिम, भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे खडक, पैदास केंद्रात जन्मलेले क्लाउनफिश आणि पहिल्या पत्रातील क्षारतेची वही, एवढ्यावर दोन-तीन वर्षे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. समुद्री घोडे मात्र घेऊ नयेत, त्यांनाही तोच कायदा लागू आहे.

कठीण प्रवाळ पाहायचेच असतील तर ते आपल्या किनाऱ्यावर आहेत, हे पुण्या-मुंबईतील पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर लहान वसाहती आहेत. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये अशा १८ वसाहती वनखात्याच्या परवानगीने आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. मुंबई महापालिकेलाही जेथे परवानगी काढावी लागली, तेथे आपल्या टाकीला कोण विचारतो! विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. त्याला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे आणि त्यावर प्रवाळ आहेत, पण तेथे सहज जाता येत नाही. मालवणला जाता येते. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात स्नॉर्कलिंग करताना कठीण प्रवाळ दिसतात. पावसाळ्यात हे सर्व बंद असते. डिसेंबर-जानेवारीत, ओहोटीचे तक्ते पाहून, सकाळी लवकर जावे. नांगर खडकावर न टाकता बोयाला होडी बांधणारा नावाडी निवडावा, आणि पाण्यात उतरल्यावर पाय टेकवायचा मोह झाला तर आधी खाली वाळू आहे ना ते पाहावे.